संगणकातील माहितीची राखण आणि मुक्त सॉफ्टवेअर

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेले व्याख्यान)



या शिबिरात बोलण्यासाठी मला बोलावताना चिटणीसांनी एकच अट घातली होती. संगणकाने जग कसे बदलले ते सांगू नका, ते आम्ही रोज पाहतो; उद्या घरी गेल्यावर करता येईल असे काही सांगा. अट मला आवडली. म्हणून आज मी एकच प्रश्न घेऊन आपणांसमोर उभा आहे. आपल्या घरातला संगणक किंवा आपल्या हातातला लॅपटॉप उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर त्यातले काय काय आपल्याला परत मिळेल?

यंत्र परत मिळते. हप्त्याने मिळते, जुने मिळते, कोणाकडून मागून आणता येते. पण यंत्रातली माहिती दुकानात मिळत नाही. या सभागृहात एम. ए. आणि पीएच. डी. करणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्यातल्या कोणी आपल्या वस्तीतील वयोवृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या असतील. ज्या आजींनी दोन वर्षांपूर्वी तासभर आपली हकीकत सांगितली, त्या आज हयात नसतील, तर ती ध्वनिफीत दुसऱ्यांदा कोठून करणार? प्रबंधाचे प्रकरण पुन्हा लिहिता येते, जरी त्यात सहा महिने गेले तरी. माणसाचा आवाज पुन्हा आणता येत नाही. दाखले आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असतात, महाविद्यालयातून दुय्यम प्रतही मिळते, म्हणून त्यांची चिंता मी थोडी कमी करतो. ज्याची दुसरी प्रत जगात कोणाकडेच नाही, त्याची चिंता मला अधिक आहे. घरी गेल्यावर प्रथम याच दृष्टीने आपल्या फाईलींची यादी करा.

इंग्रजीतील 'बॅकअप' या शब्दाला मी 'राखीव प्रत' म्हणणार आहे. शब्द नवा वाटला तरी कल्पना नवी नाही. सातबाऱ्याचा उतारा आपण घरी एक ठेवतो आणि थोरल्या भावाकडे एक ठेवतो, तसेच हे.

आता माहिती जाते कशी, ते थोडक्यात पाहू. हार्ड डिस्क पडते, झिजते. जुन्या पद्धतीच्या, आत चकती फिरणाऱ्या डिस्कचे एक बरे असते. ती जाण्यापूर्वी कित्येकदा खडखड आवाज करते, संगणक मंदावतो, म्हणजे थोडी सूचना मिळते. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. ती वेगवान आहे, धक्का सोसते. पण जाते तेव्हा पुष्कळदा काही न सांगता जाते. रात्री बंद केलेला लॅपटॉप सकाळी डिस्क ओळखतच नाही. शिवाय आपल्या हातून फाईल पुसली गेली, तर जुन्या डिस्कवर ती काही काळ तशीच पडून असते आणि 'फोटोरेक' किंवा 'टेस्टडिस्क' ही मुक्त सॉफ्टवेअरे वापरून पुष्कळदा परत काढता येते. पेनड्राईव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरही ती चांगले काम करतात. एसएसडीवर मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःहून लवकरच रिकामी करते, आणि मग परत काढण्यासारखे काही उरत नाही. मागाहून काढून घेऊ हा भरवसा नव्या यंत्रांनी संपवला आहे.

याखेरीज चोरी आहे. लोकलमध्ये, एस. टी. स्थानकावर, वसतिगृहात. पाणी आहे, आग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या घराघरांत आणि कार्यालयांत पाणी शिरले. ज्यांचा संगणक आणि राखीव प्रतीची सीडी एकाच टेबलाच्या वरच्या-खालच्या खणात होती, त्यांचे दोन्ही एकदमच भिजले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदपत्रे त्यात गेली. राज्याच्या मुख्य इमारतीची ही कथा, तर आपल्या चाळीतल्या खोलीचे काय सांगावे!

आणि आता खंडणीखोर प्रोग्राम आले आहेत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या अशा प्रोग्रामाने सुमारे दीडशे देशांतील विंडोज संगणकांना ग्रासले. हे प्रोग्राम आपल्या फाईली कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. त्या वेळी संगणकाला जी बाहेरची डिस्क जोडलेली असेल, तीही ते कुलूपबंद करतात. तेव्हा राखीव प्रतीची डिस्क कायम जोडून ठेवू नये. काम झाले की काढावी आणि कपाटात ठेवावी. हा नियम बिनखर्चाचा असूनही सर्वांत जास्त मोडला जातो.

मी विद्यार्थ्यांना विचारतो, राखीव प्रत ठेवता का? बहुतेक हो म्हणतात. मग विचारतो, कोठे? उत्तर येते, डी ड्राईव्हवर. मित्रहो, सी ड्राईव्ह आणि डी ड्राईव्ह या पुष्कळदा एकाच घराच्या दोन खोल्या असतात. घर पडले की दोन्ही पडतात. दुसरे उत्तर येते, गूगल ड्राईव्हवर. हे उत्तर पहिल्यापेक्षा चांगले, परंतु तेथेही एक गोम आहे. लॅपटॉपवरचे फोल्डर आणि ड्राईव्ह यांची जोडणी केली असेल, तर ती जोडणी आरशासारखी असते. येथे फाईल पुसली की तेथेही पुसली जाते. तेथील कचरापेटीत ती तीस दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. परीक्षेच्या गडबडीत एखादे फोल्डर चुकून गेले आणि ते दीड महिन्याने लक्षात आले, तर? याशिवाय फुकट मिळणारी १५ जीबी जागा ई-मेल, छायाचित्रे आणि फाईली या सर्वांत मिळून असते. ती भरली की नवे काही चढत नाही. तिसरे उत्तर असते, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवले आहे. निदान काही तरी केले, म्हणून मी त्यांना नावे ठेवत नाही. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले छायाचित्र लहान आणि फिके होऊन पोहोचते, हे ध्यानात असू द्यावे.

आपण साधी माणसे म्हणून असे होते, मोठ्या कंपन्यांत सर्व चोख असते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दोन प्रसिद्ध उदाहरणे सांगतो.

पहिले अमेरिकेतील पिक्सार या चित्रपट कंपनीचे. १९९८ साली तेथे 'टॉय स्टोरी' या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे काम चालू होते. कोणी तरी सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली, आणि पडद्यावरची पात्रे, त्यांचे कपडे, घरे भराभर नाहीशी होऊ लागली. राखीव प्रती टेपवर घेतल्या जात होत्या. त्या काढून पाहिल्या तर अपुऱ्या निघाल्या. किती तरी दिवस त्या नीट घेतल्याच जात नव्हत्या आणि कोणाला पत्ता नव्हता. तेव्हा गॅलिन सुसमन या तांत्रिक संचालिकेला आठवले, की घरी तान्हे मूल असल्यामुळे आपण घरून काम करतो आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत आहे. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून जपून आणला गेला आणि बहुतेक काम वाचले. पुढे त्या चित्रपटाची कथा बरीचशी नव्याने रचावी लागली आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला, ही गोष्ट वेगळी. वाचवले ते एका बाळंतिणीच्या सोयीने, कंपनीच्या व्यवस्थेने नव्हे.

दुसरे उदाहरण गिटलॅब या कंपनीचे, ३१ जानेवारी २०१७ चे. जगभरचे प्रोग्रामर आपले काम तेथे ठेवतात. रात्री उशिरा एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायची म्हणून मुख्य सर्व्हरवरची पुसायला घेतली. त्याने हात आखडेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरली होती. राखीव प्रतीच्या पाच निरनिराळ्या पद्धती कंपनीकडे होत्या. त्यांतील एकही कामाला आली नाही! एक प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे रोज अपयशी ठरत होता आणि जेथे प्रती असायला हव्या होत्या ते कोठार रिकामे होते. अपयशाची सूचना देणारी ई-मेल निघत असे, पण ती पोहोचण्यापूर्वीच नाकारली जात असे. अखेर कोणी तरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, ती उपयोगी पडली. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, जवळपास तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती मात्र गेली. मला त्या कंपनीचे एका गोष्टीसाठी कौतुक वाटते. तिने काहीही न लपवता सर्व हकीकत प्रसिद्ध केली, म्हणून तर ती आज मी येथे सांगू शकतो.

दोन्ही ठिकाणी राखीव प्रती 'होत्या'. त्या परत आणून कोणी पाहिल्या नव्हत्या. आज मी जे काही सांगणार आहे त्यात एवढा भाग आपण विसरला नाहीत तरी माझे येणे वाया गेले नाही: जी प्रत एकदा तरी परत उघडून पाहिली नाही, तिला राखीव प्रत म्हणू नये.

पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी ३-२-१ असा एक सोपा हिशेब रूढ केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. लॅपटॉपमधली मूळ फाईल ही पहिली प्रत. बाहेरची डिस्क ही दुसरी. तिसरी इंटरनेटवरच असली पाहिजे असे नाही. लातूरचा विद्यार्थी पुण्याला वसतिगृहात राहत असेल, तर त्याने दोन डिस्क घ्याव्यात. एक खोलीवर, एक गावी. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना खोलीवरची डिस्क ताजी करून न्यावी आणि घरची परत आणावी. एस. टी.च्या तिकिटापलीकडे याला खर्च नाही. दोन डिस्क परवडत नसतील तर दोघा मित्रांनी मिळून एक घ्यावी. प्रत्येकाने आपला भाग सांकेतिक कुलपात ठेवला की एकाचे दुसऱ्याला दिसत नाही. ते कुलूप कसे लावायचे ते पुढे येईलच.

आता मुक्त सॉफ्टवेअरकडे वळू. इंग्रजीत एकाच शब्दाचे 'फुकट' आणि 'स्वतंत्र' असे दोन अर्थ होतात, त्यामुळे त्यांचा गोंधळ होतो. आपल्या भाषेत तो होण्याचे कारण नाही. मोफत निराळे आणि मुक्त निराळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, आणि पुढे या चळवळीने चार मोकळिका सांगितल्या आहेत: प्रोग्राम कोणत्याही कामासाठी वापरण्याची, तो आतून कसा चालतो ते वाचण्याची, त्याच्या प्रती इतरांना देण्याची, आणि तो सुधारून ती सुधारणा वाटण्याची. बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर मोफतही मिळते. विद्यार्थ्याला ते सोयीचेच आहे. चोरून घेतलेल्या प्रोग्रामाच्या डबीतून विषाणू येतात, तो धोकाही येथे टळतो. परंतु राखीव प्रतीच्या बाबतीत मुक्त असण्याचे कारण याहून मोठे आहे.

राखीव प्रत आज घ्यायची असते आणि ती दहा वर्षांनी उघडायची असते. ज्या प्रोग्रामाने पेटी बंद केली तोच ती उघडतो. मधल्या काळात त्या कंपनीने धंदा बदलला, परवान्याची मुदत संपली, तर पेटी आपल्या घरात आणि किल्ली परक्याच्या हातात, अशी अवस्था होते. 'क्रॅशप्लॅन' ही घरगुती ग्राहकांच्या माहितीची प्रत ठेवणारी चांगली नावाजलेली सेवा होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की घरगुती सेवा बंद होणार, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. मुदत दिली होती, फसवणूक काही झाली नाही. पण लोकांना आपले बिऱ्हाड दुसरीकडे हलवावे लागले. मुक्त सॉफ्टवेअरचे मूळ लिखाण सर्वांना उपलब्ध असते. करणारे थकले तर दुसरे कोणी पुढे नेतात. 'ॲटिक' नावाचा असाच एक प्रोग्राम होता. त्याचे काम मंदावले तेव्हा २०१५ साली काही जणांनी त्याच्यापासून 'बोर्ग' काढला, आणि तो आज जोमाने चालू आहे. पेटी करताना ती उघडण्याचा प्रोग्रामही त्याच डिस्कवर ठेवता येतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आता कोणता प्रोग्राम घ्यावा? नावे पुष्कळ आहेत. मी मला पटलेली तेवढीच सांगतो.

ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी 'कोपिया' किंवा 'डुप्लिकाटी' पाहावे. दोन्हींत आपण फोल्डर निवडायचे, डिस्क निवडायची, परवलीचा शब्द द्यायचा आणि वेळ ठरवायची. पुढचे काम ते करतात. दुसऱ्या वेळेपासून फक्त बदललेला भाग लिहिला जातो, त्यामुळे पाच मिनिटांत आटोपते. डुप्लिकाटीचा चेहरा सोपा आहे, पण नव्या संगणकावर जुनी प्रत परत आणताना तो आपली सूची पुन्हा उभारत बराच वेळ घेतो; घाबरून मध्येच बंद करू नये. माझा कल कोपियाकडे आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांची चैन आहे. उबंटूसाठी 'डेजा डुप' आहे, बोर्गवर बसवलेला 'पिका बॅकअप' आहे. दोन्ही इतके साधे आहेत की आजोबांनाही जमावेत. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. लिनक्स मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाचा प्रोग्राम असतो आणि तो चालू केला की पुष्कळांना वाटते, आपले काम झाले. टाइमशिफ्ट हा यंत्रणेच्या फाईलींसाठी आहे. एखादी सुधारणा बिघडली तर यंत्रणा कालच्या स्थितीत आणण्यासाठी. आपले लिखाण आणि छायाचित्रे तो, आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय, घेत नाही. मॅकवाल्यांना ॲपलचे 'टाइम मशीन' मिळते, ते मुक्त नाही. त्यांना कोपिया किंवा 'रेस्टिक' चालेल.

या साऱ्यांमागची युक्ती विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी असे मला वाटते. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता: एका मोठ्या फाईलीची जुनी प्रत एका गावी आहे, नवी दुसऱ्या गावी आहे, मधली तार मंद आहे, पूर्ण फाईल न पाठवता जुनी प्रत नवी कशी करावी? समजा, दोन गावांत दोन कारकून एकाच खातेवहीच्या प्रती घेऊन टेलिफोनवर बसले आहेत. एक जण वाचून दाखवत नाही. तो फक्त प्रत्येक पानाची बेरीज सांगतो. दुसरा आपल्याकडे ताडून पाहतो आणि ज्या पानांची बेरीज जुळत नाही तेवढ्याच पानांचा मजकूर पाठवतो. मध्येच एक नवी ओळ घुसली तर पुढची सर्व पाने सरकतात, म्हणून तो एकेक ओळ पुढे सरकत बेरीज करत जातो. आणि दोन वेगळ्या पानांची बेरीज योगायोगाने सारखी येऊ नये म्हणून आणखी एक कडक तपासणी लावतो. आरसिंकची चाल ती हीच. आजही जगभरचे सर्व्हर ती वापरतात. बोर्ग आणि रेस्टिक एक पाऊल पुढे गेले: ते फाईलीचे तुकडे पाडतात आणि एकच तुकडा दोनदा आला तर एकदाच ठेवतात. प्रबंधाच्या फोल्डरमधील जी चित्रे, कोष्टके आणि मुलाखती महिनोन् महिने बदलत नाहीत, त्यांचे चाळीस दिवसांचे चाळीस टप्पे ठेवले तरी जागा जवळपास एकाच प्रतीची लागते. म्हणूनच गेल्या मंगळवारी खोडलेला परिच्छेद मार्गदर्शकांना आज हवासा वाटला, तर तो काढून देता येतो. आरशात हे होत नाही.

परवलीच्या शब्दाबद्दल. वर जे सांकेतिक कुलूप म्हटले ते या प्रोग्रामांत आहे, आणि ते खरोखरीचे मजबूत आहे. बँकेसारखे 'पासवर्ड विसरलात काय' असे बटण तेथे नाही. शब्द हरवला की प्रत हरवली. तो कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. कागदावर पासवर्ड लिहू नये हा उपदेश कार्यालयांसाठी ठीक आहे. घरच्या कपाटातील पत्र्याच्या पेटीला तो लागू करण्याचे कारण मला दिसत नाही.

संपूर्ण यंत्रणेचीच प्रत घ्यायची असेल तर 'क्लोनझिला' आहे. तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात तो तयार झाला. पेनड्राईव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा आणि आतली डिस्क जशीच्या तशी बाहेरच्या डिस्कवर प्रतिमा म्हणून उतरवायची. त्याचा पडदा निळा आणि रुक्ष आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी 'रेस्क्यूझिला' घ्यावा, काम तेच, चेहरा सौम्य. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवत आहेत. बसवण्यापूर्वी ही प्रतिमा घ्या, म्हणजे मागे फिरण्याची वाट राहते. मात्र रोजच्या फाईलींसाठी ही पद्धत अवजड आहे. एका पत्रासाठी अख्खे घर उतरवावे लागते. एक गोष्ट विंडोज ११ वाल्यांसाठी: कित्येक नव्या लॅपटॉपांची डिस्क कंपनीकडूनच 'बिटलॉकर'ने कुलूपबंद होऊन येते. मदरबोर्ड बदलला की यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात असते. आजच काढून छापून ठेवा. दुरुस्तीच्या दुकानात उभे राहून ती शोधण्याची पाळी येऊ नये.

आता मी अशा एका गोष्टीकडे येतो, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. पण आपल्यासारख्या संस्थांच्या जिव्हाळ्याची आहे. जुन्या स्मरणिका, अहवाल, निमंत्रणपत्रिका, सभासदांच्या याद्या आपण पेजमेकरमध्ये आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा टंकांत करीत आलो. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. टंक संगणकावर नसेल तर फाईल उघडते, पण पानभर रोमन अक्षरांचा काला दिसतो. फाईल शाबूत, प्रत शाबूत, आणि वाचता मात्र येत नाही! अशा फाईलींची राखीव प्रत घेताना त्यांचा टंकही बरोबर ठेवला पाहिजे. त्याहून बरे म्हणजे, ज्या संगणकावर त्या आज नीट दिसतात तेथूनच त्यांची पीडीएफ करून घ्यावी; पीडीएफमध्ये टंक आत बसवला जातो. तरी त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द टाकून शोध घेता येणार नाही. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच खरा उपाय, आणि ते करताना जोडाक्षरे आणि रफार मूळ पानाशी ताडून पाहावे लागतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ज्याच्याकडे तो प्रोग्राम नाही त्याने 'लिबरऑफिस'मध्ये फाईल उघडून पाहावी. २०१५ पासून त्यात पेजमेकरच्या फाईली घेण्याची सोय आहे. मांडणी विस्कटेल, मजकूर पुष्कळदा निघतो. हे काम दोन विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतील, आणि ते लवकर केले पाहिजे, कारण ज्या सीडींवर त्या फाईली आहेत त्यांना आता वीस-पंचवीस वर्षे झाली. सीडीचा मुलामा उडतो. ज्या आज वाचल्या जातात त्या आजच उतरवून घ्याव्यात.

तपासणीचा कार्यक्रम मी असा सुचवतो. तीन महिन्यांतून एकदा, एखाद्या रविवारी, राखीव प्रतीतून कोणत्याही तीन फाईली निवडा: एक लिखाण, एक छायाचित्र, एक ध्वनिफीत. त्या मूळ जागी न आणता वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा. उघडा. ध्वनिफीत शेवटपर्यंत ऐका, नुसते नाव पाहून समाधान मानू नका. वर्षातून एकदा हेच काम मित्राच्या लॅपटॉपवर करा. कारण संकट येईल तेव्हा आपला लॅपटॉप नसणारच. बोर्ग, रेस्टिक आणि कोपिया यांत साठवलेले तुकडे तपासण्याची आज्ञा असते, तीही चालवावी. पण ती यंत्राची साक्ष आहे. डोळ्यांनी पाहणे निराळे.

संस्थेसाठी एक विनंती. सभासदांची नोंदवही, वर्गणीचे हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावर आहेत, आणि तो संगणक पुष्कळदा खजिनदारांचा स्वतःचा असतो. निवडणूक होते, खजिनदार बदलतात. कधी कोणी आजारी पडतो, कधी कोणी जगाचा निरोप घेतो. त्या दिवशी परवलीचा शब्द कोणाला ठाऊक असतो? तो मोहोरबंद पाकिटात अध्यक्ष आणि चिटणीस अशा दोघांकडे असावा, पाकिटावर तारीख असावी, आणि कोणती डिस्क कोणाच्या घरी आहे याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात व्हावी. सभासदांचे पत्ते आणि विद्यार्थ्यांची कागदपत्रे त्यात असल्याने ती डिस्क सांकेतिक कुलपाविना कोणाच्याही घरी जाऊ नये.

चहानंतर मागच्या टेबलावर मी बसणार आहे. माझ्याजवळ क्लोनझिला, रेस्क्यूझिला आणि लिनक्स मिंट भरलेले तीन पेनड्राईव्ह आहेत. कोपियाची फाईलही आहे. ज्यांनी लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क आणली असेल त्यांनी ती घेऊन यावे. आज पहिली प्रत घेऊ, आणि ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावे, म्हणजे त्यातली एक फाईल परत आणूनही पाहू. चार्जर विसरू नका. पहिल्या प्रतीला वेळ लागतो.